आरक्षित खसरा आणि राजाचे देणे

जमीन मालकाच्या नावावरच राहते, कराची मागणीही त्याच्याच नावाने निघते, परंतु त्या जमिनीचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार शासन आपल्या हाती घेते. अशा वेळी मालकाचे काही हिरावले गेले असे म्हणायचे की नाही, आणि म्हणायचे असेल तर त्याची भरपाई कोणी व कोणत्या नात्याने करायची, हा प्रश्न न्यायालयात कलमांच्या आधारे सुटत असला तरी मुळात तो धर्माचा, म्हणजे कोणाचे कोणाला काय देणे लागते याचा, प्रश्न आहे. नागपूरच्या उत्तरेस कामठी तालुक्यातील कोराडीसारख्या गावी तो विशेष तीव्रतेने उभा राहतो. एकीकडे महालक्ष्मी जगदंबेचे क्षेत्र आणि नवरात्रात तेथे लोटणारी गर्दी, दुसरीकडे १९७४ पासून वीज देणारे औष्णिक केंद्र, ज्यात आज ६६० मेगावॉटचे तीन संच उभे आहेत, मध्ये तलाव, आणि या सर्वांना वेढून वाढत येणारे नागपूर शहर. प्रत्येकाला जागा हवी आहे, आणि ती शेवटी कोणाच्या तरी खसऱ्यातूनच, म्हणजे महसुली नोंदीत क्रमांक असलेल्या जमिनीच्या तुकड्यातूनच, निघणार आहे.

विकास आराखडा म्हणजे एखाद्या प्रदेशातील जमिनीचा पुढील वापर आधीच ठरवून देणारा नकाशा व त्यासोबतची नियमावली. आणि त्यात एखादा तुकडा रस्ता, शाळा, उद्यान अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवला गेला की त्याला आरक्षण म्हणतात. आरक्षण पडले म्हणजे जमीन संपादित झाली असे नव्हे. सातबाऱ्यावर मौजा, पटवारी हलका नंबर आणि खसरा क्रमांक तेच राहतात, भोगवटादाराचे नावही तेच राहते. मात्र घर बांधायची परवानगी मागितली की ती नाकारली जाते, विकायला काढली की गिऱ्हाईक आधी नकाशा पाहते आणि मागे फिरते. मालकी असते आणि नसतेही, अशी ही मधली अवस्था आहे, आणि ती वर्षानुवर्षे टिकू शकते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ या कायद्याने या अवस्थेतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा ठेवल्या आहेत. कलम ४९ प्रमाणे, आराखड्यामुळे जमीन वाजवी किमतीला विकता येत नाही किंवा तिचा वाजवी उपयोग उरलेला नाही असे दाखवणारा मालक राज्य शासनाला खरेदी सूचना देऊ शकतो, म्हणजे ‘आता ही जमीन तुम्हीच घ्या’ असे लेखी सांगू शकतो. कलम १२७ प्रमाणे, अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही तर मालक आपल्या हक्काची कागदपत्रे जोडून नोटीस बजावतो, आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाच्या दिशेने पाऊल पडले नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती. २००९ मध्ये ती बारा महिने आणि २०१५ मध्ये चोवीस महिने झाली. ‘पाऊल’ म्हणजे केवळ ठराव करणे किंवा पत्र धाडणे नव्हे, तर संपादनाकडे खरोखर नेणारी कृती होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितले, आणि मालकाच्या बाजूने उच्चारले गेलेले हे सर्वांत महत्त्वाचे वचन मानावे लागेल. तरीही कायद्याची एक गोष्ट खटकते. आरक्षण संपले की शेजारच्या जमिनीला जो वापर मंजूर आहे तोच या जमिनीलाही मिळतो, पण गेलेल्या दशकाबद्दल हे कलम एक अक्षरही बोलत नाही.

या मौनाचा अर्थ लावायचा तर राजाचा भूमीशी संबंध कोणता, येथपर्यंत मागे जावे लागते. जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील सहाव्या अध्यायात विश्वजित यज्ञाची चर्चा आहे. या यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करायचे असते. मग यजमान राजा असेल तर त्याने पृथ्वीही दान करावी काय, अशी शंका तेथे काढली आहे. उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, कारण पृथ्वी सर्वांना सारखीच आहे. भाष्यकार शबर पुढे म्हणतो की माणसे शेतांची धनी असलेली दिसतात, समग्र पृथ्वीगोलाची नव्हेत. राजाला धान्याचा वाटा मिळतो तो रक्षणाबद्दल. पैठणच्या भट्ट घराण्यातील, काशीत राहून लिहिणाऱ्या नीलकंठाने सतराव्या शतकातील ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथात हाच विचार अधिक धारदार केला: जिंकलेल्या राज्यातही शेते ज्यांची त्यांचीच राहतात, विजेत्याला मिळतो तो करवसुलीचा अधिकार.

याच्या उलट मत नाही असे नाही. कात्यायनस्मृती राजाला भूमीचा स्वामी म्हणते, आणि ते मत स्वीकारले तर आरक्षणाबद्दल भरपाईचा प्रश्नच उरत नाही, कारण धन्याने आपलीच वस्तू आपल्या कामाला लावली असे होईल. परंतु विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त केलेला युक्तिवाद या मतापेक्षा भक्कम आहे. स्वत्व, म्हणजे एखादी वस्तू आपली असणे, हे शास्त्राने निर्माण केलेले नसून लौकिक आहे. ज्यांना शास्त्राचा गंधही नाही असे लोकसुद्धा विकत घेतात आणि विकतात. ज्याचा उगम राजाज्ञेत नाही ते राजाज्ञेने विरघळत नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला, तरी अनुच्छेद ३०० अ मध्ये कायद्याच्या आधाराविना कोणालाही मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही हे ठेवावेच लागले, त्यामागे हीच जाणीव असावी.

मात्र स्वत्व लौकिक आहे याचा अर्थ ते अमर्याद आहे असा मुळीच नाही, आणि याची साक्ष नागपूर प्रांताच्या महसुली दप्तरातच आहे. मालगुजारीच्या काळात, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजाराला गावाचा धनी मानण्याच्या व्यवस्थेतही, वाजिब-उल-अर्ज या गावकराराच्या नोंदीत रयतेचे निस्तार हक्क लिहिलेले असत: जळण, चराई, तलावाचे पाणी, स्मशानाची वाट. मालगुजाराने या वाटा मोकळ्या ठेवल्या त्या उपकार म्हणून नव्हे, त्याच्या मालकीचाच तो आकार होता. १९५१ मध्ये मध्य प्रदेशच्या कायद्याने मालगुजारी संपली तेव्हा मालगुजारांना मोबदला मिळाला तो त्यांच्या मालकी हक्काचा. गावाचे निस्तार हक्क त्यांचे कधी नव्हतेच. म्हणून ‘तलावात भराव टाकू नका’, ‘नाल्याचा प्रवाह अडवू नका’ असा नियम आला तर त्याबद्दल मालकाने मोबदला मागणे अप्रस्तुत ठरते. स्मृतींनी तळे फोडणाऱ्याला कठोर दंड सांगितला आहे. तळे न फोडल्याबद्दल बक्षीस कोठेही सांगितलेले नाही.

असा निर्बंध आणि आरक्षण यांतला भेद अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने पुसून पाहिला. जमीन खरेदी केल्यानंतर आलेल्या नियमामुळे तिची किंमत घटली तर सरकारने भरपाई द्यावी किंवा नियम सोडून द्यावा, असा कायदा तेथील मतदारांनी २००४ मध्ये संमत केला. हजारो दावे दाखल झाले, सरकारपाशी तेवढा पैसा नव्हता, म्हणून नियमच सोडले जाऊ लागले. आणि २००७ मध्ये त्याच मतदारांनी तो कायदा आवळून घेतला. शेजाऱ्याला अपाय करू नये एवढाच निर्बंध आणि सर्वांच्या गरजेचा भार एकट्याच्या खसऱ्यावर टाकणारे आरक्षण, यांना एकाच तराजूत घातले की असेच होणार. पहिल्यात सर्वजण बांधले जातात आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या बंधनाचा लाभ मिळतो. दुसऱ्यात एकजण बांधला जातो आणि लाभ गावाला मिळतो.

या दुसऱ्या प्रकारात देणे निर्माण होते, आणि ते कोठून फेडायचे हेही धर्मशास्त्राने सांगून ठेवले आहे. चोरीला गेलेला माल राजाने शोधून धन्याला परत द्यावा, आणि न सापडल्यास आपल्या कोशातून भरून द्यावा, असे गौतम धर्मसूत्र सांगते. राजा चोर नव्हे, तरी त्याने भरून द्यायचे, कारण रक्षणाचे वेतन त्याने आधीच घेतलेले असते. आजच्या व्यवस्थेत रोख मोबदल्याऐवजी टीडीआर, म्हणजे अन्यत्र जादा बांधकाम करण्याचा हस्तांतरणीय हक्क, देण्याची सोय आहे. ती निरुपयोगी नाही. परंतु तीत कोशाला झळ लागत नाही, एका खसऱ्याचे ऋण दुसऱ्याच वस्तीच्या हवा, उजेड आणि पाण्यातून फेडले जाते, आणि ही गोष्ट देणेकऱ्याने देणे फेडल्यासारखी मानणे कठीण आहे.

कोराडीत यात देवतेचाही संबंध येतो. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मूर्तीला विधिमान्य व्यक्ती मानले, आणि त्यामुळे देवस्थानाची जमीन आरक्षणात गेल्यास देवतेच्या वतीने व्यवस्थापकांना दावा करता येतो. शबराचे मत मात्र याहून वेगळे आणि अधिक विचार करायला लावणारे आहे: देवाचे गाव, देवाचे शेत हे बोलणे औपचारिक आहे, देवता काही घेत नाही आणि भोगत नाही. हे मान्य केले तर तीर्थक्षेत्राच्या वाहनतळासाठी किंवा भक्तनिवासासाठी एखाद्याची शेती राखून ठेवली जाते तेव्हा ती जगदंबेसाठी राखलेली नसते, यात्रेकरूंसाठी आणि त्यांच्यामुळे चालणाऱ्या बाजारासाठी राखलेली असते. शेतकऱ्याला ‘देवीच्या कामाला दिलीत’ असे म्हणून मोबदल्याचा विषय पुढे ढकलणे म्हणजे माणसांचे ऋण देवतेच्या नावे लिहिणे होय, आणि भक्तीच्या दृष्टीनेही ते गैर आहे.

नागपूर महानगर प्रदेशाचा विकास आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला, तेव्हा त्यातील आरक्षणांची दहा वर्षे २०२८ च्या सुमारास भरतील. कलम १२७ ची नोटीस देणाऱ्या मालकाने सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा आणि आराखड्याचा उतारा जोडायचा असतो, आणि त्यानंतर आणखी चोवीस महिने थांबायचे असते; म्हणजे कायद्याच्या हिशेबानेच बारा वर्षे ती जमीन गावासाठी तारण पडलेली असते. या बारा वर्षांचे वाजवी भाडे, आरक्षण व्यपगत झाले तरी आणि संपादन झाले तरी, नियोजन प्राधिकरणाच्या निधीतून द्यावे, अशी तरतूद या कायद्यात नाही. १९६६ पासून त्यात नोटिशीची मुदत दोनदा वाढवणाऱ्या दुरुस्त्या झाल्या आहेत, आणि पुढची दुरुस्ती या देण्याची व्हायला हवी.