बंदिवानांची खेळणी

मनुष्याची परीक्षा कामाच्या वेळी होते, असे सामान्यतः समजले जाते. आमच्या मते ती रिकामपणी अधिक कसोशीने होते. आणि ते रिकामपण लादलेले असले, म्हणजे तर विचारावयासच नको.

इंग्लंडातील पीटरबरो शहरानजीक नॉर्मन क्रॉस येथे १७९७ साली युद्धकैद्यांसाठी एक विस्तीर्ण तळ उघडण्यात आला. नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१४ साली थांबेपर्यंत तेथे हजारो फ्रेंच सैनिक व खलाशी कोंडलेले असत. सुमारे १७७० तेथेच मरण पावले. शिध्यातील मांसाची हाडे स्वच्छ करून, तासून त्यांनी डोमिनोच्या सोंगट्या, जहाजांच्या प्रतिकृती आणि दांडी फिरविताच चरखा चालविणाऱ्या बाहुल्या घडविल्या. तुरुंगाच्या दाराशी बाजार भरे, आणि आसपासचे लोक हा माल विकत घेत. त्यांतील कित्येक वस्तू आज पीटरबरोच्या संग्रहालयात आहेत.

परंतु त्याच भिंतींआड दुसरे कित्येक कैदी जुगारात अंगावरचे कपडे आणि उद्याचा शिधाही गमावीत. शिधा तोच, कोठडी तीच, कंटाळाही तोच. मग हा भेद कशाने पडला? एकाने उद्योग केला व दुसऱ्याने खेळ, असे म्हणून एखादे पंतोजी मोकळे होतील. पण बाहुली हाही खेळच नव्हे काय? खरा भेद असा की, जुगाऱ्याचा लाभ समोरच्याच्या हानीवाचून होत नाही. खेळणे घडविणाऱ्यास मात्र कोणा अनोळखी बालकाचा, तोही शत्रूच्या बालकाचा, आनंद आधी मनात आणावा लागतो.

त्याला केवळ पैसे हवे होते, असे कोणी म्हणेल. असतीलही; तथापि त्याच्या स्वार्थाची वाटसुद्धा दुसऱ्याच्या सुखावरूनच जात होती. याहून बिकट आक्षेप निराळाच आहे: याच कैद्यांनी हाडांची चिमुकली गिलोटिनेही बनविली! तेव्हा कारागिरीने मन शुद्ध होते, असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याचे सर्व काही हिरावले गेले आहे, त्यालाही दुसऱ्याचा विचार करण्याची मुभा उरते, आणि ती कोणताही पहारेकरी काढून घेऊ शकत नाही.

आपणांस तर कोणी कोंडलेले नाही. सुट्टीचा दिवस कसा घालविला, असे आपण एकमेकांस नेहमी विचारतो. कोणासाठी घालविला, असे क्वचितच.