खाटेवरून दिसणारी वेदी



इंग्लंडमधील चिचेस्टर शहरात सेंट मेरीज हॉस्पिटल ही सुमारे ७०० वर्षांची वास्तू आहे. नाव हॉस्पिटल, पण हे गरिबांच्या आश्रयाचे घर. एकच लांब दालन, वर लाकडी तुळयांचे प्रचंड छप्पर. कडेने खाटा आणि पूर्वेच्या टोकाला, त्याच दालनाला जोडून, चॅपल. मध्ये फक्त कोरीव लाकडी पडदी. ज्याला उठवत नसे, त्यालाही अंथरुणावरून मिस्सा ऐकू येई. पुढे १७ व्या शतकात खाटांच्या जागी छोट्या खोल्या बांधल्या. प्रत्येकीला आपली शेगडी मिळाली, छपरातून मोठी धुराडी वर गेली. चॅपल मात्र जागचे हलले नाही. आजही तेथे वृद्ध माणसे राहतात.

सेमिनरीत 'मनुष्य म्हणजे काय' यावर आम्ही तासन्‌तास वाद घातले. त्याची खाट कोठे ठेवावी, हे कोणी विचारले नाही.

मध्यंतरी येथेच, कन्हानमध्ये, एका आजारी आजींना कम्युनियन द्यायला गेलो. खाट मागच्या खोलीत, तोंड भिंतीकडे. पुढच्या खोलीतील टीव्ही त्यांना ऐकू येई, संध्याकाळची जपमाळ नाही. नातवाने आणि मी खाट दारासमोर सरकवली. पाच मिनिटांचे काम! आजी म्हणाल्या, "फादर, आता क्रूस दिसतो." मुलगा खाली मान घालून उभा होता.

ज्यांच्या घरी असे कोणी अंथरुणावर आहे, त्यांनी आज मिस्सानंतर मला भेटावे. कम्युनियन घेऊन मी येईन. खाट तेवढी आधी सरकवून ठेवा.