आवडते ते संपू नये म्हणून झगडावे का?

एखादी मालिका बंद होणार म्हणून कोणी वाहिनीला पत्रे लिहीत असेल, सह्या गोळा करत असेल, तर त्या माणसाविषयी तुमचे पहिले मत काय होते? खरे सांगा. 'काय हा रिकामटेकडेपणा!' असेच ना? साधनेच्या वाटेवर थोडेफार चालू लागलेल्या आपल्यासारख्यांच्या मनात त्याला जोडून आणखी एक वाक्य येते: 'किती ही आसक्ती!' हे दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा जास्त तपासून घ्यायला हवे. कारण ते उच्चारताच आपण बसल्या जागी ज्ञानी होतो.

एक घडलेली गोष्ट घेऊ. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सप्टेंबर २००६ मध्ये 'जेरिको' नावाची मालिका सुरू झाली. कॅन्सस राज्यातले एक लहानसे गाव. एके दिवशी क्षितिजावर अणुस्फोटाचा ढग दिसतो, बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो आणि गावकऱ्यांना मीठ-पिठापासून न्यायनिवाड्यापर्यंत सगळे आपापसांत निभावून न्यावे लागते. हिवाळ्यात या मालिकेला मध्येच मोठी सुट्टी दिली गेली. ती परतली तोवर बरेच प्रेक्षक पांगले होते. मे २००७ मध्ये वाहिनीने ती बंद केल्याचे जाहीर केले.

त्या पर्वाच्या शेवटच्या भागात शेजारचे गाव चालून आलेले असते. 'शरण या' म्हणणाऱ्यांना नायक एकाच शब्दात उत्तर देतो: 'नट्स!' हा शब्द त्यांच्या इतिहासातला आहे. डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियममधील बॅस्टोन येथे जर्मन सैन्याच्या वेढ्यात सापडलेल्या जनरल मॅकऑलिफ यांनी शरणागतीच्या मागणीला हेच एका शब्दाचे उत्तर पाठवले होते. बोलण्याच्या ओघात त्याचा अर्थ 'हॅट्, चालते व्हा' असा काहीसा. शब्दशः अर्थ मात्र शेंगदाणे, बदाम, अक्रोड यांसारखे कठीण कवचाचे दाणे. प्रेक्षकांनी हा शब्दशः अर्थ उचलला आणि वाहिनीच्या कार्यालयांत शेंगदाणे पाठवायला सुरुवात केली. थोडेथोडके नव्हे, सुमारे २० टन! (अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या घरात वाढल्यामुळे हा आकडा मला खटकतो. पत्रानेही काम झाले असते, असे वाटते. पण पत्र फायलीत ठेवता येते, शेंगदाण्यांच्या गोण्या कुठे ठेवणार?)

जूनच्या पहिल्या आठवड्यात वाहिनीने माघार घेतली आणि सात नवे भाग मंजूर केले. मनोरंजन विभागाच्या प्रमुख नीना टॅसलर यांनी प्रेक्षकांना पत्र लिहिले. आता आणखी प्रेक्षक जमवण्याचे काम तुमचे, असा त्याचा आशय. ताज्या कलमात विनंती होती की, कृपा करून शेंगदाणे पाठवणे थांबवा.

मी वाणिज्य शाखेत शिकते, त्यामुळे इथे एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. वाहिनीचा ग्राहक कोण? आपल्याला वाटते, आपण. पण जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीला पैसे देतो तो जाहिरातदार. तोच ग्राहक. मग वाहिनी त्याला विकते काय? आपले लक्ष. म्हणजे या व्यवहारात प्रेक्षक हा दुकानात आलेला गिऱ्हाईक नसून फळीवर मांडलेला माल असतो. आणि हा मालही प्रत्येक घरी जाऊन मोजला जात नाही. काही निवडक घरांत कोण काय पाहते याची नोंद होते आणि त्यावरून बाकीच्या सगळ्यांचा अंदाज बांधला जातो. 'जेरिको'चे बरेच प्रेक्षक ती संगणकावर किंवा नंतर रेकॉर्ड करून पाहत. त्या वेळच्या मोजणीत त्यांना नीट जागाच नव्हती. असा मनुष्य गोणीभर शेंगदाणे पाठवतो तेव्हा त्याला नेमके काय म्हणायचे असते? 'मला माझी करमणूक द्या' एवढेच नव्हे. 'मी इथे आहे, मलाही मोजा' हेही.

वाहिनीला खलनायक करण्याचे कारण नाही. दिवसाचे तास वाढत नाहीत. एक मालिका वाचली की तिच्या जागी येऊ शकणारी दुसरी अडते, आणि त्या दुसरीसाठीही कोणी लेखक रात्री जागलेला असतो. त्याच्यासाठी कोणी पत्र लिहीत नाही, कारण त्याची गोष्ट अजून कोणी पाहिलेलीच नसते. प्रिय गोष्टीसाठी झगडणाऱ्याने हे विसरू नये.

आता आसक्तीकडे येऊ. हिंदीतील प्रवचने मराठीत आणण्याची सेवा करताना 'छोड़ दो' या दोन शब्दांपाशी मी दर वेळी थांबते. 'सोडून द्या' लिहावे की 'टाकून द्या'? नदीच्या पात्रात दिवा सोडतात. दावणीचे वासरू सोडतात. केर मात्र टाकतात. सोडण्यात त्या वस्तूचा मान राहतो, टाकण्यात राहत नाही. आपण अनासक्तीच्या नावाखाली पुष्कळदा टाकण्याचेच काम करतो, आणि बहुतेक वेळा टाकण्याची ती वस्तू आपली नसते, दुसऱ्याची असते. ज्याची ती वस्तू, त्याला 'सोडून दे रे' म्हणायला आपले काय जाते?

माझी आजी इंदूरला असते. वय सत्तरीच्या पुढे, गुडघ्यांनी घरात बसवलेली. ती रोज संध्याकाळी पाहायची त्या मालिकेने अर्ध्यातच गाशा गुंडाळला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तिची थट्टा केली. 'आता तरी जप करा,' असेही कोणी म्हणाले. ती जप करतेच. ती एवढेच म्हणाली, "अगं, चालू ठेवा असं कुठं म्हणते मी? त्या पोरीचं पुढं काय झालं, तेवढं तरी सांगायचं होतं."

मराठीत 'पुरे' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक 'बस झाले', दुसरा 'पूर्ण'. आजीला दुसरा हवा होता. 'आणखी द्या' ही मागणी निराळी आणि 'पुरे करा' ही निराळी. पहिलीला अंत नाही. दुसरीला आहे, ती अंतच मागते.

हे किती खोल जाऊ शकते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका दूरदर्शनवर जानेवारी १९८७ मध्ये सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ रोजी संपली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, हे तुमच्या घरातील मोठ्यांनी सांगितले असेलच. कथा राज्याभिषेकापर्यंत आणून थांबवायची, अशी योजना होती. त्या उन्हाळ्यात जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. त्यांची मागणी पगाराची नव्हती. उत्तरकांडही दाखवा, ही होती. संप उत्तर भारतातील इतर मोठ्या शहरांत पसरला, कचरा साचू लागला, रोगराईची भीती निर्माण झाली आणि सरकारला पुढचे भाग काढण्याची व्यवस्था करावी लागली. त्याच वर्षी ते सुरूही झाले.

सफाई कामगारांनीच का? त्यांच्यातले पुष्कळ जण वाल्मीकी समाजाचे. महर्षी वाल्मीकी हे त्यांचे आराध्य. आणि कथेत वाल्मीकी प्रत्यक्ष महत्त्वाचे होतात ते उत्तरकांडात: त्यागलेल्या सीतेला आश्रय देणारे, लव-कुशांना वाढवणारे, त्यांना रामकथा शिकवणारे. राज्याभिषेकाला पडदा पाडला असता तर सारा देश दीड वर्ष ज्यांची कथा पाहत होता, ते स्वतःच तिच्याबाहेर राहिले असते. जे रोज गाव झाडतात आणि ज्यांच्याकडे गाव पाहत नाही, त्यांनी हे बरोबर ओळखले. याला आसक्ती म्हणून बाजूला सारणे मला तरी जमत नाही.

साधनाचा प्रश्न उरतो. शहराचे आरोग्य ओलीस धरणे योग्य होते का? साचलेल्या कचऱ्याचा त्रास मंत्र्यांपेक्षा वस्तीतल्या लेकरांना आधी झाला असणार, आणि त्यात त्यांची स्वतःची लेकरेही असणार. मी याचे समर्थन करून मोकळी होत नाही. पण ज्याच्या हाती झाडूशिवाय काही नाही, त्याने तो खाली ठेवला यापेक्षा सौम्य असे काय केले असते की जे दिल्लीत ऐकू गेले असते, हेही मला सुचत नाही. तुम्हाला सुचते का, पाहा.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरणही आपल्याकडचेच. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेत मिहिरचा मृत्यू झाला आणि प्रेक्षकांत असा आकांत उसळला की त्याला कथेत परत आणावे लागले. इथे कोणाला वगळले गेले नव्हते, काही अपुरे राहिले नव्हते. गोष्टीतदेखील आम्हाला मरण नको, एवढेच म्हणणे होते. हा हट्ट. माणूस म्हणून तो मला समजतो. घरातला कोणी गेल्यावर आपणही हेच म्हणतो. पण गोष्टी आपल्याला मरण थोडे थोडे शिकवतात, आणि ती शिकवणीच आपण परत करून टाकली.

अशा मोहिमांत आणखी एक वळण येते. मागणी फेटाळली की काही जण लेखकाला शिव्या देतात, नटीला धमक्या लिहितात. प्रेम कशावर होते ते त्या क्षणी उघडे पडते. गोष्टीवर असते तर गोष्ट रचणाऱ्यांवर असा राग निघाला नसता.

कर्म आणि फळ यांविषयी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला श्लोक आपण सगळेच म्हणतो. तो म्हणताना मला अलीकडे 'स्टार ट्रेक' आठवते, याचे कोणाला हसू आले तर येऊ द्या. ही अंतराळयानाची मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर १९६६ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या वर्षी ती बंद होणार अशी चिन्हे दिसताच बीजो आणि जॉन ट्रिम्बल या दांपत्याने पत्रमोहीम उभारली. तेव्हा घरोघरी संगणक नव्हते. पत्ते हाताने गोळा करायचे, पत्रके छापायची, पाकिटे चिकटवायची. वाहिनीकडे एक लाखाहून अधिक पत्रे आली. मार्च १९६८ मध्ये मालिका चालू राहील, असे वाहिनीने पडद्यावरूनच जाहीर केले.

आणि मग तिसरे पर्व आले ते कसे? पैसा कमी केलेला, वेळ शुक्रवारी रात्री दहाची, जेव्हा तिचा तरुण प्रेक्षक घरी नसायचाच. १९६९ मध्ये मालिका संपली ती संपलीच. त्या वर्षी कोणी ट्रिम्बल दांपत्याला विचारले असते की एवढे करून काय मिळवले, तर देण्यासारखे उत्तर त्यांच्याकडे फारसे नव्हते. पण त्या पडेल पर्वामुळे भागांची संख्या ७९ झाली. स्थानिक वाहिन्यांना रोज एक भाग दाखवायचा तर हाताशी एवढा साठा लागतोच. १९७० च्या दशकात पुनःप्रक्षेपणातूनच मालिकेचा खरा प्रेक्षक तयार झाला. १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांमुळे अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ शटलला मालिकेतल्या यानाचे 'एंटरप्राइझ' हे नाव मिळाले आणि १९७९ मध्ये चित्रपट आला. पाकिटे चिकटवणाऱ्यांनी यातले काहीच मागितले नव्हते. जे मागितले ते मिळाले आणि कोमेजले. जे फळले ते भलत्याच फांदीला.

'जेरिको'ला अशी फांदी फुटली नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये ते सात भाग सुरू झाले. प्रेक्षक पुरेसे जमले नाहीत आणि शेवटचा भाग लागण्याच्या काही दिवस आधी वाहिनीने मालिका पुन्हा बंद केली. निर्मात्यांनी मात्र या वेळी आधीच तयारी केली होती. शेवट दोन प्रकारे चित्रित करून ठेवला होता: मालिका पुढे चालली तर एक, थांबली तर दुसरा. २५ मार्च २००८ रोजी दुसरा दाखवला गेला. शेंगदाणे पाठवणाऱ्यांना पुढचे पर्व मिळाले नाही. गावाचे पुढे काय झाले, ते मात्र त्यांना कळले.