पाचर

1986 सालच्या एप्रिलात चाक काढताना बैलगाडी कलंडली आणि माझं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा मृग तोंडावर आला होता. हात काटकुळा झालेला. मूठ आवळली की कळ खांद्यापर्यंत जायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, एवढ्यात हातोडा धरू नका. पण पेरणीच्या दिवसांत आलेल्याला परत पाठवलं, तर सुगीला बलुतं मागायला खळ्यावर कोणत्या तोंडानं जायचं?

तात्या चार फणांची पाभर घेऊन आले. दिंड नवं घालायचं होतं. मी हो म्हणालो. हाताचं काही बोललो नाही. बाभळीच्या लाकडात तीन भोकं नीट पडली. चौथ्याला कळ आली आणि पटाशी तिरकी गेली. मी पाचर मारून फण घट्ट बसवला. वरून काही कळत नव्हतं. तात्या खुशीत पाभर घेऊन गेले.

आबा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "शेवटच्या फणाला पाचर कशापायी?"

"हात लई दुखत हुता, आबा."

"दुखणं तुझं हाय. रान त्याचं हाय."

रात्रभर झोप आली नाही. फण तिरका असला की बी वरच पडतं, ओल लागत नाही. चारातली एक ओळ उगवणार नाही, म्हणजे तात्यांचं पाव रान मोकळं.

दुखणं अंगावर काढणं हा आपल्याकडं गुण मानतात. मलाही तसंच वाटायचं. माझ्या हाताचं काय करायचं ते मी ठरवावं, हे खरंच. पण न सांगता काम घेतलं, तेव्हा मी तात्यांच्या पेरणीचंही परस्पर ठरवून टाकलं होतं. पोटासाठी काम करणं चूक नव्हतं. लपवणं चूक होतं.

तांबडं फुटायच्या आत मी त्यांच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. तात्या भडकले. "आरं, हे काल सांगायला काय झालं हुतं? माझं पोरगं आलं असतं की घाव घालायला!"

मग तेच झालं. दुसरं लाकूड काढलं. पोरानं हातोडा मारला, मी डाव्या हातात पटाशी धरून फणाचा कल तेवढा सांभाळला.

सुगीला तात्यांनी बलुतं नेहमीएवढंच घातलं. पण पुढं कैक वर्षं काम टाकताना ते आधी माझ्या मनगटाकडं बघायचे.