समितीतील आसन आणि ‘माझे’पण

दिल्लीचे सरोजिनी नगर ही मूळची केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत. आज देशभर तिची ख्याती आहे ती स्वस्त कपड्यांच्या बाजारासाठी. तेथे पक्क्या दुकानांसमोर पदपथावर विक्रेते माल मांडतात, आणि हात-दोन हात जागेवर दोन संसारांच्या चुली अवलंबून असतात. अशा जागांचा विचार व्हावा म्हणून २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नागरी संस्थांसाठी नगर पथविक्रेता समितीची योजना केली. तीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. शिवाय व्यापारी, रहिवासी आणि स्वयंसेवी संस्था यांचेही प्रतिनिधी असतात.

येथे शंका येते, की ज्याचा स्वार्थ त्या पदपथाशी जडला आहे, त्याने तेथे बसावेच का? परंतु स्वार्थ असलेले सारेच वगळले, तर पदपथाचे ज्ञान असलेला कोणी उरणारच नाही. अर्जुनालाही रण सोडून जाण्याची अनुज्ञा मिळाली नाही. म्हणून भेद सूक्ष्म आहे. सर्व विक्रेत्यांची बाजू मांडणे हे त्या सभासदाचे कर्तव्यच होय. मात्र त्याच्या स्वतःच्या वा पुतण्याच्या जागेचा विषय निघताच तो प्रतिनिधी राहत नाही, पक्षकार होतो. मग त्याने आपला संबंध उघड सांगून उठून जावे, हेच योग्य. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यानेही महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असणाऱ्यास नगरसेवकपदासाठी अपात्र ठरविले, ते याच विचाराने.

रामशास्त्री प्रभुण्यांची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. दक्षिणा वाटताना सख्खा भाऊ समोर आला. त्याला अधिक द्यावे असे सुचविले असता शास्त्रीबोवांनी इतरांइतकीच दक्षिणा दिली, आणि भाऊ म्हणून द्यावयाचे ते आपण घरून देऊ, असे सांगितले. ते आसनावरून उठले नाहीत हे खरे! पण नियम रामशास्त्र्यांसाठी नसतो. ज्याला आपण रामशास्त्री आहोत असे वाटते, त्याच्यासाठी असतो. धृतराष्ट्र दुष्ट नव्हता. राज्य सर्वांचे सांभाळावयाचे असताना त्याच्या पहिल्याच प्रश्नात आपल्या मुलांसाठी ‘माझे’ हा शब्द आला, आणि तो त्याच्या स्वतःच्या कानांना खटकलाही नाही.

उठून जाण्यातही कपट शिरू शकते. सभेपूर्वी चहा घेता घेता अध्यक्षांच्या कानी शब्द घालावा आणि सभेत विरक्तासारखे बाहेर पडावे, याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिथ्याचार म्हटले आहे: इंद्रिये आवरलेली, मन विषयातच. यावर उपाय साधा आहे. कोणता विषय, कोणता संबंध आणि सभासद केव्हा उठला, हे इतिवृत्तात नोंदवावे, आणि ज्याला ती जागा मिळाली नाही त्या विक्रेत्यालाही ते वाचावयास मिळावे.