हे वचन कोणत्या ग्रंथात आहे?



रबीउल अव्वल जवळ आला की उरणमध्ये सीरतच्या सभांची तयारी सुरू होते. तरुण वक्ते मोबाईलवर आलेले संदेश वहीत उतरवून घेतात. ज्ञानासाठी चीनपर्यंत जाण्याची आज्ञा त्यांत बहुधा असतेच. मीही एकदा ती प्रेषितांची (स.) म्हणून ठणकावून सांगितली होती. सभेनंतर एका वयोवृद्ध श्रोत्यांनी हळूच विचारले, ''हे कोणत्या ग्रंथात आहे?'' मला उत्तर देता आले नाही.

पुढे शोध घेतला. इमाम बैहकी (रह.) यांनी हे वचन नोंदवले आहे, परंतु त्याच्या सनदी, म्हणजे कथन करणाऱ्यांच्या साखळ्या, दुर्बळ असल्याचेही तेथेच म्हटले आहे. इब्नुल जौजी (रह.) यांनी तर ते रचलेल्या हदीसांच्या संग्रहात घातले. 'अर्थ चांगला आहे, मग बिघडले कुठे?' असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु प्रेषितांनी (स.) जे म्हटले नाही ते हेतुपुरस्सर त्यांच्या तोंडी घालणाऱ्यास त्यांनी नरकाग्नीचा इशारा दिला आहे, आणि त्यातून चांगल्या अर्थाला सूट नाही. ऐकलेले सारे पडताळल्याविना सांगत सुटणे हेही माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, असे इमाम मुस्लिम (रह.) यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवलेल्या हदीसमध्ये आहे. पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमधील सहावी आयतही बातमी आणणारा कोण, हे आधी पाहावयास लावते.

ह. जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) केवळ एका हदीससाठी उंट विकत घेऊन महिनाभराचा प्रवास करत शामला गेले. ती हदीस त्यांच्यापर्यंत पोहोचलीच होती. त्यांना ती प्रत्यक्ष ऐकणाऱ्या ह. अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांच्याच तोंडून हवी होती. आपल्याला मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून अंजुमन-ए-इस्लामच्या करीमी ग्रंथालयापर्यंत जायचे, तर ओहोटीची सबब पुरते! आता तर उरणहून रेल्वेही आहे.

संदेशाखाली 'बुखारी' लिहिले म्हणून भागत नाही. ग्रंथ उघडा, अध्याय पाहा. हदीसचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. मग हदीसतज्ज्ञांनी तिला कोणता दर्जा दिला, तेही पाहा आणि न समजल्यास आलिमांना विचारा.

पुढील वर्षी मी चीनचे वचन गाळले आणि ज्ञानार्जन प्रत्येक मुस्लिमावर अनिवार्य असल्याची हदीस 'इब्न माजा'च्या नावासह सांगितली. तेच श्रोते पुन्हा भेटले. म्हणाले, ''ग्रंथ सापडला. आता हिची सनद कशी आहे?''