जुना देव्हारा आणि नाथांची शुद्ध प्रत

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचे चिंतन : ज्ञानेश्वरी, अध्याय अठरावा, समाप्ती

माउली, अठराव्या अध्यायानंतर नाथांच्या ओव्या येतात. बरेचदा त्या घाईत वाचून आपण पोथी मिटतो. पण त्यात मोठा विचार आहे. शके 1212 चा हा ग्रंथ नाथांच्या काळापर्यंत पाठभेदांनी अशुद्ध झाला होता. शके 1506 मध्ये त्यांनी तो शुद्ध केला, आणि वर बजावलं की यात कुणी आपली ओवी घालू नये.

सध्या आमच्या घरी वारशाने आलेल्या सागवानी देव्हाऱ्याचा प्रश्न आहे. एका पायाला वाळवी लागलीय, नक्षीवर ऑइल पेंटचे थर आहेत. आई म्हणते, "हात लावू नका, सासूबाईंचे हात लागलेत त्याला." भाऊ म्हणतो, "रंधा मारून चकाचक करू."

दोघांचंही प्रेमच आहे. पण नाथांनी ग्रंथ होता तसा सोडला नाही. वाळवी चालू ठेवणं हा काही आदर नव्हे. आणि स्वतः एवढे थोर कवी असूनही त्यांनी त्यात आपलं काही मिसळलं नाही. रंध्याने नक्षी बोथट होईल; मग उरेल ती आपली हौस.

अवघड प्रश्न पुढेच आहे. तो रंग आजोबांनी लावलेला. मग तोही वारसाच ना? मला वाटतं, पाठभेद करणारेही बहुधा भक्तच असतील. प्रेमाने घातलेली भरही मूळ झाकू शकते. ती काढताना मात्र मनात तुच्छता नको.

म्हणून ठरवलंय : पायाचा पोखरलेला भाग काढून जुन्याच सागवानाचा तुकडा जोडायचा. नक्षीवरचा रंग हलक्या हाताने उतरवायचा. वर चपडा लाखेचं पॉलिश. ते स्पिरिटने उतरतं, पुढच्यांना वेगळं वाटलं तर त्यांची वाट मोकळी. निरांजनाच्या काजळीचा डाग आणि हातांनी झिजलेली कड तशीच राहील, कारण ती वरून थापलेली नाही, सेवेतून आलेली आहे. आतल्या खणात आजोबांचा रंगही ठेवणार. आईला हे पटलंय; भाऊ अजून कुरकुरतोय.

वारसा आपल्या मालकीचा नसतो माउली, राखणीला दिलेला असतो. दुरुस्त करताना एवढंच विचारावं : मी मूळ मोकळं करतोय, की माझी ओवी घालतोय?

॥ जय जय राम कृष्ण हरी ॥